डोक्यावरची तार आणि मुळशीचं पाणी

लोकल अडकली की अनाउन्समेंट होते, ओव्हरहेड वायरमध्ये बिघाड झाल्यामुळे गाड्या उशिराने धावत आहेत, आणि पुढच्या मिनिटाला लेडीज डब्यातल्या सगळ्याजणी फोनवर घरी, ऑफिसला, पाळणाघराला तेच सांगत असतात. ओव्हरहेड वायर हा शब्द आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहितीये. पण ती तार धड असते तेव्हा, म्हणजे वर्षातले जवळपास सगळेच दिवस, तिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. मला ती बघायला शिकवली माझ्या मामाने. मामा मध्य रेल्वेत ओएचईला होता, ओएचई म्हणजे या डोक्यावरच्या तारांचं सगळं खातं, नोकरीला लागला तेव्हा लाइन डीसी होती, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची, आणि रिटायर झाला तोवर एसी, म्हणजे घरात असते तशी दिशा बदलत राहणाऱ्या विजेची झालेली होती, त्यामुळे दोन्ही जमाने त्याने हाताने हाताळलेत आणि त्यावर बोलायला बसला की रात्रीचं जेवण गार होतं.

तर आधी तार. डोंबिवलीच्या पुलावर उभं राहून खाली बघा, एक तार नसते, दोन असतात. वरची थोडी झोल पडलेली, तिला कॅटेनरी म्हणतात, आणि तिला ठरावीक अंतरावर उभ्या बारीक तारांनी टांगलेली खालची एकदम सरळ, ती कॉन्टॅक्ट वायर. वरचीने झोल घ्यायचा तो यासाठी की खालची सरळ राहावी, कारण पेंटोग्राफ, म्हणजे गाडीच्या टपावरचा वीज घेणारा सांगाडा, घासत जातो तो खालचीला, आणि ती जरा जरी खालीवर झाली तरी धावत्या गाडीचा पेंटो तारेपासून सुटतो, ठिणग्या उडतात. कॉन्टॅक्ट वायर शुद्ध तांब्याची, साधारण बारा मिलिमीटर जाड, तिच्या दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला खाच असते ज्यात क्लिप धरते, म्हणजे खालची बाजू पूर्ण मोकळी राहते. मामाच्या मोबाइलमध्ये झिजून काढलेल्या तारेच्या तुकड्याचा फोटो आहे, क्लोजअप. वरून गोल आणि खालून एकदम सपाट, आरशासारखी चकचकीत. वर्षानुवर्षं हजारो पेंटोग्राफ तिथून घासत गेले त्याची ती झीज. मी तो फोटो बराच वेळ झूम करून बघत होते.

आणि एक गोष्ट पुलावरून नीट बघितलं तरच कळते, तार रुळांच्या बरोब्बर मधोमध जात नाही, एका खांबाला थोडी डावीकडे, पुढच्याला थोडी उजवीकडे अशी नागमोडी नेलेली असते. मधोमध असती तर पेंटोग्राफच्या कार्बनच्या पट्टीवर कायम एकाच जागी घासली असती, आणि विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोराने खाच पडते तशी खाच पडून पट्टी मधेच तुटली असती. नागमोडीमुळे पट्टी सगळीकडून सारखी झिजते. मग खांबांवर काही ठिकाणी लोखंडी वजनांची चळत लटकलेली दिसते, ती कशाला असा प्रश्न मला लहानपणी कधी पडलाच नव्हता. मे महिन्यात तांबं तापून लांबतं, तार सैल पडायला लागते, मग ती वजनं आपोआप खाली येऊन तिला ताणून धरतात, थंडीत तार आखडली की वर जातात. कुणी बटण दाबायला नको की माणूस चढवायला नको. नुसतं गुरुत्वाकर्षण आणि एक पुली.

आता त्या तारेतून खाली काय येतं. पेंटोग्राफमधून वीज मोटर कोचमध्ये येते, बारा डब्यांच्या गाडीत साधारण असे चार मोटर कोच, प्रत्येकाच्या चार अॅक्सलना चार मोटरी. म्हणजे लोकल पुढून इंजिनाने ओढलेली नसते, जागोजागी डब्यांनीच ढकललेली-ओढलेली असते, म्हणून तर ती इतक्या पटकन स्पीड घेते आणि पुढच्या दोन मिनिटांत थांबूही शकते. काम करून झालं की वीज चाकांतून रुळात उतरते आणि रुळांवाटे परत तारेला वीज पुरवणाऱ्या सबस्टेशनला जाते. तार जायची वाट आणि रूळ यायची. सर्किट पूर्ण व्हायला दोन्ही लागतात, आपण एकच बघतो.

हे सगळं मुंबईत कधी सुरू झालं ते मात्र आपल्याला पाठ असायला हवं असं मला मनापासून वाटतं. ३ फेब्रुवारी १९२५. व्हीटीहून कुर्ल्याला, हार्बर लाइनने, चार डब्यांची गाडी, १५०० व्होल्ट डीसी. भारतातली पहिली विजेवरची रेल्वे. पश्चिमेला बीबी अँड सीआयने, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेने, १९२८ च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली सुरू केली, हो कुलाब्यापर्यंत तेव्हा रूळ होते. मग घाट. कोळशाच्या इंजिनांना बोर घाट आणि थळ घाट चढायला किती त्रास व्हायचा हे वेगळं सांगायला नको, बोगद्यात धूर भरायचा तो वेगळाच. १९३० पर्यंत पुणे आणि इगतपुरीपर्यंत तार पोचली आणि त्याच वर्षी जूनमध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली. आणि या सगळ्यासाठी जीआयपीने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेने, ठाकुर्लीला स्वतःचं पॉवर हाऊस बांधलं, चोळा पॉवर हाऊस, कोळसा जाळून वीज. ते ऐंशीच्या दशकात बंद झालं, पण आमच्या भागातली म्हातारी माणसं अजून पत्ता सांगताना पॉवर हाऊसच्या अलीकडे, पलीकडे असंच सांगतात.

डीसी का सोडलं हे मला मामाने ताटातल्या भाताकडे दुर्लक्ष करून आकडे मांडून समजावलं होतं. समजा गाडीने सुटताना तीन हजार किलोवॅट मागितले. १५०० व्होल्टवर त्याला दोन हजार अँपिअर करंट लागतो. २५ हजार व्होल्टवर तेवढ्याच कामाला फक्त एकशेवीस. करंट सोळा-सतरा पट कमी. आणि तारेत गरम होऊन जी वीज फुकट जाते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, म्हणजे तीच तार धरली तर नुकसान जवळजवळ पावणेतीनशे पट कमी. म्हणूनच डीसीच्या काळात दर थोड्या किलोमीटरवर सबस्टेशन लागायचं, नाहीतर लांबच्या गाडीला व्होल्टेजच पोचायचं नाही, आणि गर्दीच्या वेळी दोन-तीन गाड्या एकदम सुटल्या की तार गरम व्हायची. नऊ डब्यांच्या बारा झाल्या, पश्चिम रेल्वेवर २००९ मध्ये पंधरा डब्यांच्या आल्या, आणि १५०० व्होल्टवर एवढी माणसं ओढणं जमण्यासारखं नव्हतंच.

पण बदलायचं कसं? लाइन बंद ठेवून बदलणं मुंबईत शक्य नाही. म्हणून दोन्ही विजेवर चालणाऱ्या गाड्या आणल्या, तुकड्यातुकड्याने रात्री तारा, इन्सुलेटर, सबस्टेशनं बदलली, जुन्या पुलांखाली २५ हजार व्होल्टला पुरेल एवढी उंची नव्हती तिथे काम केलं, आणि दिवसा गाड्या चालूच. पश्चिम रेल्वेचं २०१२ च्या फेब्रुवारीत पूर्ण झालं, मध्य रेल्वेच्या मेन लाइनचं २०१५ च्या जूनमध्ये, आणि जिथे सुरुवात झाली होती त्या हार्बरवर सगळ्यात शेवटी, एप्रिल २०१६. त्या रात्री शेवटची डीसी लोकल कुर्ल्याहून सीएसटीला, म्हणजे जुन्या व्हीटीला, गेली. नाशिकला जाणाऱ्यांना आठवत असेल, पूर्वी इगतपुरीला गाडी थांबून इंजिन बदलायचे, तेवढ्यात आपण वडापाव आणि चहा उरकून घ्यायचो, ते याच्यामुळेच, तिथे डीसी संपून एसी सुरू व्हायचं. मला वाटतं गेल्या पन्नास वर्षांत मुंबईत झालेल्या सगळ्या बांधकामांत हे काम सगळ्यात मोठं आहे, आणि त्याचं नाव घेणारं कुणी नाही कारण ते कुणाला दिसलंच नाही. पूल दिसतो, मेट्रो दिसते. तार तीच राहिली.

मामा मात्र सांगतो की आमच्यासाठी तार तीच राहिली नव्हती. डीसीला तार बंद केली म्हणजे बंद. एसीत तसं नाही. शेजारच्या लाइनवर करंट चालू असेल तर बंद केलेल्या तारेतसुद्धा वीज उतरते, हात न लावता, शेजारून. जुन्या माणसांना डीसीची सवय, त्यांना हे अंगात भिनवायला वेळ लागला. तो म्हणाला, "अगं, बंद तार ही बंद नसते, अर्थ केलेली तारच फक्त बंद." अर्थ केलेली म्हणजे जमिनीशी जोडलेली. पॉवर ब्लॉक म्हणजे काय असतं ते तेव्हा कळलं मला. शेवटच्या गाड्या कारशेडला लागल्या की पहाटेच्या पहिल्या गाडीआधी जेमतेम दोन-अडीच तास मिळतात. कंट्रोलला फोन, तिकडून सप्लाय बंद, बंद केल्याची खूण म्हणून मिळणारा प्रायव्हेट नंबर लिहून घ्यायचा, कामाची परमिट, मग लांब काठीच्या टोकाला हूक असलेला अर्थिंग रॉड, त्याचा एक टोकाचा क्लॅम्प आधी रुळाला आणि मगच हूक तारेला. आधी खाली, मग वर. उलटं केलं तर माणूस गेला. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना असे रॉड लावायचे, आणि मगच टॉवर वॅगनवर, म्हणजे तारेपर्यंत पोचवणाऱ्या मचाणाच्या गाडीवर, चढायचं. काढताना आधी वरचा, मग खालचा. आणि पहाटे सप्लाय चालू करायच्या आधी माणसं मोजायची, हत्यारं मोजायची. पावसाळ्याच्या आधी इन्सुलेटर पुसायचे, कारण मुंबईची खारी हवा आणि धूळ त्यावर बसते आणि पहिल्या पावसात त्यावरून वीज उडी मारते. पक्ष्यांची घरटी काढायची, लोंबकळणारे मांजे काढायचे, झाडांच्या फांद्या तोडायच्या.

टपावर बसून जाणाऱ्या पोरांचंही तसंच. डीसीच्या वेळी टपावर बसून प्रवास करणारी पोरं होती, तेव्हाही मरायचीच, पण २५ हजार व्होल्टला हात लागायची गरजच नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज झेप घेते. मामाने अशी माणसं खाली उतरवलीयेत. तो विषय निघाला की तो उठून गॅलरीत जातो, म्हणून मीही विचारत नाही.

डब्यातले दिवे मधेच जातात आणि पंखे थांबतात, तुम्हीही बघितलं असेल, जुन्या गाड्यांत जास्त कळायचं. बाहेर काही बिघडलेलं नसतं. तो न्यूट्रल सेक्शन. ग्रिडकडून वीज तीन फेजमध्ये, म्हणजे मागेपुढे चालणाऱ्या तीन लहरींत येते आणि रेल्वेची तार एकाच फेजवर चालते, मग एका सबस्टेशनला एक फेज, पुढच्याला दुसरी, म्हणजे ग्रिडवर भार सारखा पडावा. दोन वेगळ्या फेज एकमेकींना भिडल्या तर भडका उडेल, म्हणून मधे थोडी तार मेलेली ठेवतात. त्याच्या आधी रुळाकडेला बोर्ड असतात, मोटरमन ब्रेकर, म्हणजे गाडीचा मोठा स्विच, उघडतो, गाडी आपल्या वेगात तेवढं अंतर पार करते, पलीकडे गेल्यावर तो ब्रेकर पुन्हा लावतो. काही सेकंद अख्खी गाडी कुणाच्याच विजेवर नसते. आत गप्पा चालू, कुणाचं भाजी निवडणं चालू.

नव्या गाड्यांमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ब्रेकची आहे. जुन्या डीसी गाड्या सुटताना मोठमोठ्या रेझिस्टन्समधून करंट जायचा, थेट मोटरवर पडू नये म्हणून, ती सगळी वीज नुसती तापून जायची, आणि थांबताना ब्रेकच्या घासण्यात पुन्हा तेच. म्हणजे सुटतानाही उष्णता, थांबतानाही उष्णता, आणि लोकल तर दर दोन-तीन मिनिटांनी सुटते आणि थांबते. २००७ पासून सीमेन्सच्या यंत्रणेच्या गाड्या आल्या, त्यात थ्री फेज मोटरी. गाडीला ब्रेक लावला की त्याच मोटरी जनरेटर होतात आणि वीज उलटी तारेत सोडतात. दादरला थांबणाऱ्या गाडीची वीज माटुंग्याहून सुटणाऱ्या गाडीला मिळते. साधारण तीस टक्क्यांच्या आसपास वीज अशी परत मिळते असं सांगतात. त्या गाड्या सुटताना एक चढत जाणारा सूर ऐकू येतो ना, तो त्या इन्व्हर्टरचा आवाज, मोटरला हवी तेवढ्याच फ्रीक्वेन्सीची वीज तयार करून देतानाचा.

इथपर्यंत मामाचं खातं. सबस्टेशनच्या भिंतीपाशी ते संपतं, आणि मला पुढचं जास्त छळतं. सबस्टेशनला वीज येते कुठून? १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास हा प्रश्न सगळ्या मुंबईला पडला होता. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या, लाइन बंद पडल्या आणि शहर अंधारात गेलं, लोकल जिथे होत्या तिथे उभ्या राहिल्या. कोविडचा काळ होता, गाडीत फक्त नर्सेस, सफाई कामगार, बँकवाले. मग ती माणसं रुळावर उतरून चालत गेली.

मुंबईच्या विजेचा माग काढत गेलं की ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र लागतं, बाहेरून ग्रिडवर येणारी वीज लागते, रेल्वे आता खुल्या बाजारातूनही वीज घेते, आणि तारेत आली की कुठली कुणाची असं काही वेगळं राहत नाही. पण सगळ्यात जुना धागा घाटात जातो. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. टाटांची तीन जलविद्युत केंद्रं. मूळच्या पूर्वेला वाहणाऱ्या नद्यांचं पाणी मावळात आणि मुळशीत धरणं बांधून अडवलं, बोगद्याने पश्चिमेकडे वळवलं आणि पाईपांतून पाचशे मीटरच्या आसपास खाली कोकणात सोडलं. खोपोलीच्या डोंगरावरून उतरणारे ते पाईप घाटातून जाताना आजही दिसतात. गंमत बघा, खोपोलीला लोकल जाते, भिवपुरी रोड स्टेशन कर्जत लाइनवर आहे. भिवपुरीतून सुटलेलं पाणी उल्हास नदीत येतं आणि तेच पुढे बदलापूर-कल्याण पट्टा पितो. भिऱ्याचं कुंडलिकेत जातं, कोलाडला आपण राफ्टिंगला जातो ते त्याच पाण्यावर, म्हणून तर ते सकाळी ठरावीक वेळीच असतं.

आणि मुळशी. भिऱ्यासाठी मुळा नदीवर धरण बांधायचं ठरलं तेव्हा पन्नासच्या आसपास मावळी गावं पाण्याखाली जाणार होती. १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला, जान किंवा जमीन ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले, तिथेच ते सेनापती झाले, पुढे प्रकल्पाच्या कामात घातपात केला म्हणून सात वर्षांची शिक्षा भोगली. सत्याग्रह हरला. धरण झालं, गावं गेली, १९२७ ला भिरा सुरू झालं, आणि पुढच्याच जानेवारीत बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावायला लागल्या.

त्याच पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागून, लोअर परळपासून दादरवरून माहीमपर्यंत जो रस्ता जातो त्याचं नाव सेनापती बापट मार्ग. दादर वेस्टला उतरून फुलं घ्यायला, भाजी घ्यायला आपण त्याच रस्त्यावर येतो. एका बाजूला तार, दुसऱ्या बाजूला त्या तारेसाठी गेलेल्या जमिनीकरता तुरुंगात गेलेल्या माणसाचं नाव, मधे एक भिंत. मला हे कळलं त्यानंतर त्या रस्त्यावरून जाताना मी नेहमी त्या गावांचा विचार करते. तिथे एक पाटी हवी असं मला वाटतं, बापटांची नको, त्यांचं नाव आहेच, गेलेल्या गावांच्या नावांची. शंभर वर्षं आपण त्यांच्या पाण्यावर फिरलोय.

हा जुना विषय नाहीये. मुळशीचं पाणी पश्चिमेला वळवलं नसतं तर ते मुळा-मुठेतून भीमेत, उजनीत, सोलापूरकडे गेलं असतं, आणि ते पाणी परत पूर्वेला द्या ही मागणी आजही होते. पुण्यालाही ते हवंय. विरोधात सांगतात ते खोटं नाही, पाण्याची वीज काही मिनिटांत चालू करता येते, संध्याकाळी सहा-सातला सगळ्या गाड्या भरभरून एकदम निघतात तेव्हा तिच्यासारखा दुसरा आधार नाही, शिवाय घाटाखाली रोह्यापासून बदलापूरपर्यंत माणसं त्या पाण्यावर जगतायत. हे सगळं मान्य करूनही मला वाटतं पिण्याच्या पाण्याचा हक्क आधी. दुष्काळाच्या वर्षी तरी त्यातला वाटा भीमेकडे जायला हवा, आणि तेवढी संध्याकाळची वीज दुसरीकडून आणायला हवी, ब्रेकमधून परत मिळणारी आहे, दिवसा सूर्याची साठवता येईल. त्याला पैसे लागतील हे उघड आहे. ते पासाच्या भाड्यात धरले तर माझ्या पासाला थोडे जास्त द्यायला मी तयार आहे, आणि डब्यातल्या बाकीच्यांनाही हे नीट सांगितलं तर त्यातल्या बऱ्याचजणी देतील असं मला वाटतं.